रेक्स असता तर

आमच्या कोल्टर गावात बास्केटबॉलबद्दल न बोलता कॉफी पिता येते, पण मग ती एकट्यानंच प्यावी लागते. कॉलेजसमोरच्या चौकात माझं हॉटेल आहे. सकाळी मी दार उघडलं की मर्ल फाउट न्हावी, विम्याचा एजंट डेनी ओव्हरबी आणि हर्शेल डिल्मन हे तिघं येऊन काउंटरवर आपापल्या स्टुलावर बसतात. मर्ल आणि डेनी भांडतात आणि हर्शेल निकाल देतो. म्हणजे, द्यायचा.

हर्शेलने जन्मभर दगडाच्या कारखान्यात करवत चालवली. कुठल्या कुठल्या शहरांतल्या बँकांच्या आणि कोर्टांच्या भिंती त्याने कापून दिल्या, पण त्या उभ्या राहिलेल्या पाहायला तो कधी गेला नाही. करवतीच्या आवाजाने त्याचा डावा कान गेला, म्हणून तो काउंटरच्या डाव्या टोकाला, चांगला कान आमच्याकडे करून बसतो. बायको ओपल कॅन्सरने गेली. मूलबाळ झालं नाही. माणसाला धरून ठेवायला काहीतरी लागतं, तसा हर्शेलला त्याचा भाऊ रेक्स होता, आणि मी सांगतेय त्या हिवाळ्यापर्यंत रेक्सला मरून चाळीसच्या वर वर्षं होऊन गेली होती.

रेक्स कोल्टर कॉलेजच्या टीममध्ये होता. त्या वर्षी मोसमाच्या पहिल्या सामन्यापासून ती टीम ओळीने एकवीस सामने जिंकली. मग एका संध्याकाळी सरावाहून परतताना खाणीच्या वळणावर रेक्सची गाडी बर्फावरून घसरली आणि जुन्या खाणीत साठलेल्या पाण्यात गेली. त्याला पुरलं त्याच आठवड्यात टीम दंडाला काळ्या पट्ट्या बांधून खेळली आणि हरली, आणि त्यानंतर हरतच गेली. सामने होतात त्या कॉलेजच्या व्यायामशाळेच्या छताला आजही त्या एकवीस विजयांचं कापडी निशाण टांगलेलं आहे आणि त्यावर रेक्सचं नाव आहे. त्यानंतर गावात जी जी टीम आली तिला लोकांनी एकाच वाक्याने मोजलं. पोरं चांगली आहेत, पण रेक्स असता तर.

आणि रेक्स कसा होता हे विचारायचं तर हर्शेलला. तो ठरलेलंच सांगायचा, पण दर वेळी कप खाली ठेवून सांगायचा. "बॉल घेऊन निघाला ना, की फरशीवर त्याचे पाय वाजायचे नाहीत. जाळी हलली की कळायचं, रेक्स येऊन गेला." एवढं बोलून तो कप उचलायचा. हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की कॉफी ओतता ओतता माझे ओठही त्याच्याबरोबर हलायचे.

मग त्या हिवाळ्यात टेवीन ऑस्बर्नची टीम जिंकायला लागली. टेवीन गॅरी शहराहून आलेला, काटकुळा, लांब हातांचा मुलगा. पहिल्याच सामन्यात टीम इतकी मागे पडली की मध्यंतरात लोक कोट घालून निघायला लागले. खेळाडू आत जाताना हर्शेलच्या खुर्चीजवळून गेले. तो कठड्याला लागून बसायचा. त्याने खिशातली पेपरमिंटची गोळी काढून टेवीनच्या हातावर ठेवली, म्हणाला, "चघळ, तोंड कोरडं पडलंय तुझं." परत आल्यावर त्या मुलाने एकट्याने सामना फिरवला. पुढच्या सामन्याला तो खेळ सुरू व्हायच्या आधी आपण होऊन कठड्यापाशी आला आणि त्याने हात पुढे केला.

टीम जिंकत असेल तर आमच्या गावात कोणी काही बदलत नाही. मर्लने पहिल्या सामन्याचे मोजे धुतले नाहीत आणि आम्हाला त्याचे परिणाम भोगावे लागले. डेनीने दाढी वाढवली, बायकोने दुसऱ्या खोलीत झोपायला पाठवलं तरी ती काढली नाही. मी त्या दिवशी शुगर क्रीम पाय, म्हणजे साय-साखर भरून भट्टीत भाजलेला गोड पदार्थ, केला होता, तर दर सामन्याला तोच. एकदा सफरचंदाचा करते म्हटलं, तेव्हा मर्लने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी चर्चला आग लावणार आहे. आणि हर्शेलने गोळी द्यायची. बाहेरगावी सामना असला तर डेनी त्याला गाडीत घालून न्यायचा. हिमवादळ असलं तरी न्यायचा.

सुरुवातीला हर्शेल खूश होता. नातू नव्हता, तो आयता मिळाला. पण जिंकलेले सामने बारा झाले, पंधरा झाले, आणि काउंटरवरची तुलना सुरू झाली. आधी गमतीत, मग कागद-पेन्सिल घेऊन. मर्ल म्हणायचा, रेक्सच्या वेळी लांबून बॉल टाकला की तीन गुण देणारी रेघसुद्धा नव्हती, ती असती तर त्या पोरांनी शंभरी गाठली असती. डेनी म्हणायचा, ती पोरं हरवायची कुणाला? बायबल शिकणाऱ्यांना आणि दुधाच्या डेअऱ्यांवरच्या मुलांना. तेव्हाचा सगळ्यात उंच खेळाडू आजच्या पोरांच्या खांद्याला लागला असता, आणि त्यांचा कोच मध्यंतरात सिगारेट वाटायचा. मर्ल हसायचा. हर्शेलही आधी हसायचा.

विसाव्या विजयानंतर डेनी जे बोलला ते मात्र मला अजून आठवतं. वाईट मनाचा नाही तो, पण तोंडाला दार नाही. "खरं सांगू का हर्शेल, रेक्स जगला असता तरी टेवीनसमोर राखीव बाकावरच बसला असता."

हर्शेलने कप खाली ठेवला. मला वाटलं, आता रेक्सचे पाय वाजायचे नाहीत ते सांगेल. त्याने कॉफीचे पैसे काउंटरवर ठेवले आणि तो गेला. मी डेनीला त्या दिवशी क्रीम पायचा तुकडा दिला नाही, आणि मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

एकविसावा सामना जिंकून टेवीनच्या टीमने बरोबरी केली. दुसऱ्या दिवशी कॉलेजमधून एक बाई हर्शेलला शोधत हॉटेलात आली. चांगली होती बिचारी, गावात नवीन. म्हणाली, शनिवारी बाविसावा सामना जिंकला की लगेच जुनं निशाण उतरवायचं आणि नवं चढवायचं. तर जुनं तुम्ही, भाऊ म्हणून, स्वतःच्या हातानं उतरवावं अशी आमची सगळ्यांची इच्छा आहे. टेवीन शेजारी उभा राहील. फोटो छान येईल. आणि उतरवलेलं निशाण तुम्हीच घरी घेऊन जा.

हर्शेलने मान हलवली. तिने तो होकार समजला. मर्लने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मोठाच मान आहे म्हणाला. मी हर्शेलच्या तोंडाकडे पाहत होते. मला त्यात मान दिसला नाही. आईबाप गेले, ओपल गेली, घरात रेक्सचे कपडेसुद्धा उरले नव्हते. त्याचं नाव गावात जिथे उंचावर होतं ते एवढं एकच ठिकाण, आणि तिथून ते खाली काढायला त्याचाच हात मागत होते.

शनिवारी दुपारचा सामना होता. गावात कुत्रंसुद्धा रस्त्यावर नव्हतं. सामन्याचे क्रीम पाय सकाळीच व्यायामशाळेत पोचवून झाले होते. मी हॉटेलला कुलूप लावायला निघाले तर हर्शेल आत आला आणि आपल्या स्टुलावर बसला. चांगला कोट, केस विंचरलेले. मी म्हटलं, अरे, इथं काय करतोयस, खेळ सुरू व्हायची वेळ झाली.

"रेडिओ लाव," तो म्हणाला.

मी रेडिओ लावला आणि त्याच्यासमोर उभी राहिले. त्याची उजवी मूठ काउंटरवर होती, मिटलेली. मूठ उघड म्हणायची गरज नव्हती, पेपरमिंटचा वास येत होता.

"हर्शेल, तो मुलगा वाट पाहत असेल."

"माहीत आहे मला."

"अजून वेळ आहे. मी सोडते तुला गाडीनं."

"बरोबरी झाली ना, नोला? दोघांचं नाव राहील की. बरोबरी पुरे आहे." आणि मग, माझ्याकडे न बघता, "एक सामना हरल्यानं कोण मरतं?"

मला त्याचा राग आला. ज्याच्या गोळीने गाव जिंकत होतं तो माणूस गाव हरावं म्हणून गोळी मुठीत घेऊन बसला होता. आणि रागाबरोबर हसूही येत होतं, कारण आम्ही दोन म्हातारी माणसं एका पेपरमिंटवरून भांडत होतो आणि दोघांचाही तिच्यावर विश्वास होता. गोळीने सामने जिंकत नाहीत हे मला आज कळतं. त्या दुपारी मी ते पैज लावून सांगितलं नसतं.

रेडिओवरचा माणूस म्हणाला, ऑस्बर्न कठड्यापाशी उभा आहे, कोणाला तरी शोधतोय. पंचांनी शिट्टी वाजवली तरी तो तिथेच होता. डेनीने नंतर मला सांगितलं की टेवीनने त्याला दोनदा विचारलं, मिस्टर हर्शेल बरे आहेत ना? डेनीला माहीत नव्हतं. मुलगा खेळायला गेला, पण बॉल बाहेर गेला की त्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचा. सगळ्या व्यायामशाळेने ते पाहिलं.

सामन्याचा पहिला अर्धा भाग अजून संपला नव्हता. टेवीन उडी मारून खाली आला आणि त्याचा गुडघा आतल्या बाजूला वळला. रेडिओवरचा माणूस बोलता बोलता थांबला. त्या शांततेत आम्हाला त्या मुलाचं ओरडणं ऐकू आलं. हर्शेलला एकाच कानाने ऐकू येतं, पण त्याने ते ऐकलं. त्याची मूठ उघडली. गोळी घामाने विरघळून तळव्याला चिकटली होती आणि कागद भिजला होता. मी ओलं फडकं दिलं. त्याने ते घेतलं नाही.

आम्ही हरलो. निशाण उतरलं नाही.

गावाने हर्शेलला एका शब्दानं बोल लावला नाही, आणि तेच सगळ्यात वाईट झालं. तो येणार नाही असं कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं, म्हणून तो आजारी होता हे सगळ्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं. मर्लच्या बायकोने सूप पाठवलं. डेनी दारात उभा राहून रडवेला झाला, मी त्या दिवशी तुला घ्यायला यायला हवं होतं म्हणाला. हर्शेलने सूपही घेतलं आणि माफीही घेतली. मी पाहत राहिले आणि गप्प राहिले, कारण सांगायचं ते त्याने सांगायचं होतं.

बर्फ वितळायला लागल्यावर टेवीन कुबड्या घेऊन हॉटेलात आला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि पुन्हा खेळणं जमणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो घरी निघाला होता. खेळतो म्हणून कॉलेज त्याची फी भरत होतं, खेळणार नाही तर शिकायचा खर्च कोण करणार? आईची गाडी बाहेर उभी होती. तो सरळ डाव्या टोकाच्या स्टुलापाशी गेला, आणि कुणी सांगितलं नसताना चांगल्या कानाच्या बाजूने उभा राहिला.

"मिस्टर हर्शेल, आता बरं वाटतंय ना तुम्हाला?"

हर्शेलने मान वर केली. मला वाटलं, आता सांगेल. "हो," तो म्हणाला. "ताप होता."

टेवीनने मोठा श्वास सोडला. "मग ठीक आहे. मला वाटत होतं, माझंच काही चुकलं की काय. तुमच्या भावाचं निशाण उतरवायचं म्हणून तुम्ही रागावलात असं वाटलं. मी त्यांना सांगणार होतो, दोन्ही राहू द्या म्हणून."

हर्शेलने खिशात हात घातला आणि तो तसाच खिशात ठेवला. मुलाने त्याच्या खांद्याला हात लावला, मला म्हणाला, तुमचा क्रीम पाय फार छान असायचा, आणि दारातून कुबड्या सांभाळत बाहेर गेला. मी दार धरायला धावले. परत आले तेव्हा हर्शेल काउंटरवर कपाळ टेकून बसला होता. मला त्याची कीव आली आणि त्याला धरून हलवावंसंही वाटलं. मी दोन्हीपैकी काही केलं नाही. कॉफी ओतली.

कॉलेजने जुन्या निशाणाशेजारी नवं टांगलं. दोन्हींवर एकवीस. पुढच्या हिवाळ्यात टीमने चार जिंकले आणि पाचवा हरला, आणि काउंटरवर पुन्हा तुलना सुरू झाली. मर्ल म्हणाला, पोरं चांगली आहेत. डेनी म्हणाला, पण टेवीन असता तर. कोणी चमकलं नाही. इतकं सहज निघालं ते त्याच्या तोंडून. त्यानंतर आजवर रेक्सचं नाव मी या काउंटरवर ऐकलेलं नाही. ती टीम सरळ बाविसावा जिंकली असती तर लोकांनी रेक्सचं नाव घेतलंही असतं, की टेवीनने कोणाला मागे टाकलं, तर रेक्सला. पण ती अर्ध्यावर मोडली, आणि आमचं गाव मोडलेल्यांवरच जीव टाकतं. तिथे जागा एकाचीच असते.

मागच्या महिन्यात कॉलेजमध्ये नवीन लागलेला एक तरुण मास्तर कॉफी प्यायला आला. कुणीतरी त्याला सांगितलं, हे बघा, गोळी देणारे ते हेच. तो हर्शेलशेजारी जाऊन बसला. म्हणाला, तुम्ही तर त्याला जवळून पाहिलंत, कसा होता हो तो?

"कोण?" हर्शेलने विचारलं.

"टेवीन ऑस्बर्न."

हर्शेलने कप खाली ठेवला. मर्ल आणि डेनी स्टुलावरून त्याच्याकडे वळले. मी कॉफीचं भांडं हातात घेऊन उभी होते.

"बॉल घेऊन निघाला ना," तो म्हणाला, "की फरशीवर त्याचे पाय वाजायचे नाहीत. जाळी हलली की कळायचं, टेवीन येऊन गेला."

मास्तरने मान डोलावली. या वेळी माझे ओठ हलले नाहीत. हर्शेलने कप उचलला, पण तो तोंडाला लावला नाही.