मामांचे एक पूर्णांक सतरा

“एक के ऊपर गया कैसे? अरे यार, ये तो हो ही नहीं सकता!” डॉक्टरसाहेब असे ओरडले, की माधव नगरातली कबुतरं थेट देवासला जाऊन बसली असतील. थापा मी चौकाचौकांत मारल्यात, पण ही गोष्ट कुणापाशी काढलेली नाही — बायकोपाशीसुद्धा नाही.

नव्वदचं दशक सरत होतं. मेंदूतलं पाणी एकाच दिशेनं किती सरळ झिरपतं, यावर डॉक्टरसाहेबांचं संशोधन चाललेलं. स्कॅन इंदूरला व्हायचा, आकडेमोड माझ्या कॉम्प्युटरवर. आकडा शून्य ते एक, बस्स. त्यांना निरोगी माणसं हवी होती, म्हणून मी आमच्या मामांना नेलं. भैरवगढ़च्या कापड छापणाऱ्या छिप्यांना ठप्प्यांची नक्षी काढून देणारे मामा — मुंगीच्या पायात पैंजण काढतील असा हात!

मामांचा आकडा आला एक पूर्णांक सतरा.

मी मूळ चित्रं एकामागून एक सरकवली. मामांचं डोकं हलत होतं — हळूच, नदीत सोडलेल्या द्रोणासारखं. म्हणूनच आकडा फुगला होता. आणि मग आठवलं... हल्ली त्यांच्या वेलीची रेघ लहरते, हातात बशी किणकिणते. किती वेळ बघत बसलो कोण जाणे. पडद्यावर लाल-निळे पट्टे, काठावर वाळत घातलेल्या ओल्या कापडांसारखे, आणि त्यात ते झुलणारं डोकं — इतकं सुंदर, की... छे, हे काही कारण नव्हे.

सांगायला नको होतं? डॉक्टर समोरच उभे होते की! पण सांगितलं, तर त्या हाताला नाव पडणार — कंपवात — आणि ते ठेवणार कोण, मी? एकाच्या वर गेलेला तो आकडा मी पुसला, तिथे एक लिहिला. “सॉफ्टवेअर की गड़बड़ थी, सर.” मामांना म्हटलं, “मामा, लोकांचा मेंदू एकाला संपतो, तुमचा पुढे निघालाय!” मामा गावभर सांगत फिरले — “भाच्यानं मोजलंय!”

दोन वर्षं गेली. औषधाविना. पेन्सिल हातात ठरेना, तेव्हा त्यांना त्याच डॉक्टरांकडे नेलं.

“ये कब से है?” डॉक्टरांनी विचारलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं.

“इसी साल से,” मी म्हणालो.