अप्पांनी बशी सारली

जळकोटच्या रामलिंग अप्पांना सोयरिकी जुळवण्याचा नाद होता आणि त्या नादापायीच त्यांचं पोट सुटलं होतं. मुलगी पाहायला जायचं म्हटलं की मुलीकडचे बशी पुढं करणारच. बशीत पोहे, पोह्यांवर शेव, शेजारी शिरा, शिऱ्यावर काजू. मागून चहा, आणि त्यात पाहुण्यांची म्हणून घरच्यापेक्षा दुप्पट साखर. एका दिवसात तीन घरं झाली तर तीन शिरे. नांदेड, उदगीर, लातूर, जिथं जिथं म्हणून लग्नाची मुलगी होती, तिथला शिरा अप्पांच्या पोटात गेलेला होता.

केवळाबाईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, याला कधी हरकत नव्हती. घरचं उत्पन्न म्हणजे वाट्यानं दिलेलं थोडंसं शेत आणि लग्न जुळलं की अप्पांना मिळणारं धोतर-टोपी आणि पाकीट. त्यात किराणा भागवायचा तर नवरा बाहेर खाऊन आलेला बरा. सकाळी चुलीपाशी बसतानाच त्या विचारायच्या, "आज कुठं हाय पाहुणचार?" आणि उत्तर ऐकून तेवढ्या भाकरी कमी थापायच्या.

अप्पांची एक खूण होती. फार वर्षांपूर्वी एका घरी मुलीच्या वयाची लपवाछपवी त्यांच्या ध्यानात आली. सगळ्यांदेखत बोलायचं कसं, म्हणून त्यांनी पुढ्यातली बशी हळूच पलीकडं सारली. मुलाकडचे समजले आणि "कळवतो" म्हणून उठले. तेव्हापासून ती रीतच पडून गेली. अप्पांनी बशी संपवली तर घर चांगलं, सारली तर उठा. मुलाकडची माणसं मुलीकडं कमी आणि अप्पांच्या बशीकडं जास्त बघायची. या रीतीत काही वाईट आहे असं अप्पांना कधी वाटलं नाही. बशी सारायची पाळीही फार थोड्या वेळा आली, कारण शिरा सारणं त्यांच्या जिवावर यायचं.

मग एक दिवस अप्पा एसटीच्या पायरीवर अडकले. गुडघा वर जाईना आणि पोट आत जाईना. कंडक्टरनं मागून रेटा दिला तेव्हा कुठं गाडी सुटली. नांदेडच्या डॉक्टरनं गुडघा दाबून बघितला, पोटाकडं बघितलं आणि स्पष्ट सांगून टाकलं की वजन उतरवा, नाहीतर हा गुडघा बदलावा लागेल. वर खाण्याचा एक छापील कागदही दिला. ओट्स, बदाम, ऑलिव्हचं तेल, सफरचंद.

केवळाबाईंनी तो कागद दुकानदाराकडून वाचून घेतला, भाव विचारले आणि घरी येऊन म्हणाल्या, "हे खाऊन तुमी बारीक व्हाल का न्हाई ठाव न्हाई, पर आपलं घर बारीक व्हईल."

"मग काय करावं?"

"काय खायाचं न्हाई, ते बी लिवलंय का?"

"साखर, मैदा, तूप, तळलेलं."

"मग झालं तर! न खायाला कुठं पैशे लागतेत?"

हे अप्पांना पटलं. फुकटात बारीक होता येतं हा विचार त्यांना इतका आवडला की तो अमलात आणायला ते आतुर झाले. आणि नेमकं त्याच रविवारी विष्णुपुरीला श्रीमंत नावाच्या गृहस्थाच्या घरी मुलगी पाहायचं ठरलेलं होतं.

श्रीमंत मूळचा जळकोटकडचाच. गावाकडं थोडी जमीन, पण राहणं विष्णुपुरीत, कारण तिथल्या एका कॉलेजात तो वॉचमन होता. त्याची साक्षी औषधाच्या दुकानात काम करायची. हुशार, तरतरीत मुलगी. अप्पांना ती मनापासून आवडायची. मुलगाही त्यांनी तसाच शोधून आणला होता. राजशेखर, नांदेडच्या रेल्वे ऑफिसात कारकून, आणि त्याचे वडील गुरुपादप्पा, जळकोटचे अडते. असा जोग पुन्हा जुळून यायचा नाही, हे अप्पांनी दोन्हीकडं सांगून ठेवलं होतं.

साक्षीच्या आईनं साजूक तुपातला शिरा केला होता. त्या तुपापायी घरात आठवडाभर चहा बिनदुधाचा झाला होता. शिऱ्याचा वास आला आणि अप्पांचा हात सवयीनं पुढं गेला. मग डॉक्टर आठवले. एसटीची पायरी आठवली. हात थांबला. जन्मात पहिल्यांदाच जिभेवर ताबा मिळवल्याच्या आनंदात अप्पांनी बशी दोन बोटांनी पलीकडं सारली आणि समाधानानं भिंतीला टेकून बसले.

गुरुपादप्पांचा चमचा तोंडापाशी थांबला. त्यांनी बशी खाली ठेवली, उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "बरं, कळवतो."

परतताना गुरुपादप्पांची जीप पुलावर आली तरी अप्पांच्या डोक्यात काही उजेड पडला नव्हता. गुरुपादप्पांनी हळूच विचारलं, "काय खोट हाय, अप्पा? पोरीत का घरात?"

"कशाची खोट?"

"तुमी बशी सारली की."

"अवो, ते डायट! मी डायट करून राहिलो!"

जीपमध्ये असा हशा पिकला की ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यावी लागली. गुरुपादप्पांनी डोळे पुसले. "अप्पा, झाकायचं तर झाका, पर पटंल असं तरी सांगा." अप्पांनी शपथा घेतल्या. जितक्या शपथा घेतल्या तितकी गुरुपादप्पांची खात्री होत गेली की खोट चांगलीच मोठी असणार. राजशेखर खिडकीतून बाहेर बघत होता.

असल्या बातमीला जळकोटच्या बाजारात पाय फुटायला वेळ लागत नाही. श्रीमंताच्या घरी अप्पांनी बशी सारली, एवढंच वाक्य गावोगाव गेलं. साक्षीला बघायला यायचं ठरलेल्या आणखी दोन ठिकाणांनी कामाची सबब सांगितली. आणि मग श्रीमंताचा फोन आला. तो भांडला असता तर अप्पांना बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "अप्पा, आमचं काय चुकलं? शिरा गोड कमी झाला व्हता का?"

अप्पांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. फोन ठेवून ते ओसरीवर बसले आणि केवळाबाईंनी विचारलं तेव्हा लहान पोरासारखे रडले. एका चांगल्या मुलीचं नाव त्यांच्या दोन बोटांनी खराब केलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते गुरुपादप्पांच्या अडतीवर गेले आणि हात जोडून पुन्हा सगळं सांगितलं. गुरुपादप्पा अडते माणूस. शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता आणि काट्यावर पूर्ण होता.

"चढा," ते म्हणाले.

"कशावर?"

"काट्यावर. पोती मोजतो ना, त्याच्यावर. आज वजन करू. सोयाबीन निघालं की परत या. उतरलं असलं तर तुमचं डायट खरं आन् पोरगी चांगली. न्हाई उतरलं तर तुमचं तुमी बघा." हमालांनी अप्पांना आधार देऊन चढवलं. आकडा बघून एका हमालानं शीळ घातली.

अप्पा तिथून थेट विष्णुपुरीला गेले. तिथंही त्यांनी हात जोडून सगळं सांगितलं. साक्षी ते ऐकून म्हणाली, "म्हणजे माझं लग्न तुमच्या पोटावर अडलंय."

"हाव, माय."

"अन् मला कुणी काही विचारलेलंच नाही."

अप्पांनी टोपी काढून हातात घेतली.

"बरं," साक्षी म्हणाली. "मग पोटाकडं मीच बघते."

तेव्हापासून रोज चहाच्या वेळेला केवळाबाईंचा फोन वाजायचा. "काकू, आज काय खाल्लं अप्पांनी?" आणि केवळाबाई एकही घास न लपवता सगळं सांगायच्या. दोघींचं असं मेतकूट जमलं की अप्पांना आपल्याच घरात पाहुणा झाल्यासारखं वाटायला लागलं.

घरात ओढाताण मात्र वाढली. दुसऱ्यांच्या घरी जाऊन बशी सारावी तर आणखी एका मुलीचं लग्न मोडायचं, म्हणून अप्पांनी सोयरिकीला जाणंच बंद केलं. म्हणजे पाकीट बंद, आणि तिन्ही वेळा माणूस घरात. केवळाबाईंनी पदर खोचला. ज्वारी वाट्याची होतीच. तुरीची डाळ होती, तिचं पातळ वरण. मटकी फडक्यात बांधून मोड आणायचे. जवसाची चटणी. पाऊसपाण्याचे दिवस, त्यामुळं बांधावर तांदुळजा आणि पाथरीची भाजी फुकट, फक्त वाकून खुडायची. ते वाकायचं काम त्यांनी अप्पांवर सोपवलं. पहिल्या दिवशी अप्पा बांधावर वाकले आणि उठता येईना म्हणून बराच वेळ तिथंच बसून राहिले. तळण बंद झाल्यामुळं तेलाचा पुडा संपता संपेना, आणि साखरेचा डबा तर केवळाबाईंनी शेजारणीकडं ठेवायला दिला. महिनाअखेर किराण्याचं बिल आलं ते नेहमीपेक्षा कमी. केवळाबाई दुकानदाराशी भांडायला निघाल्या, की काहीतरी लिहायचं राहिलं म्हणून. मग त्यांच्याच ध्यानात आलं.

एकदा अप्पा घसरले. आठवडी बाजारात मिरचीभज्याचा घाणा निघाला होता, आणि माणूस शेवटी माणूस असतो. घरी आल्यावर केवळाबाईंनी त्यांचा रुमाल उजेडात धरला आणि तेलाचा डाग बघून थेट साक्षीला फोन लावला. साक्षीही रागावली नाही. ती एवढंच म्हणाली, "अप्पा, भजी चांगली होती का?" अप्पांनी त्यानंतर बाजारातला तो रस्ताच सोडला.

हळूहळू कमरेचा करदोडा सैल पडायला लागला. केवळाबाईंनी त्याला एक गाठ मारली, मग दुसरी. अप्पा एसटीत कुणाच्या रेट्याशिवाय चढले त्या दिवशी त्यांनी कंडक्टरला मुद्दाम थांबवून तसं सांगितलं.

सोयाबीन निघालं. अडतीवर गर्दी होती तरी अप्पा काट्याकडं निघाले तशी माणसं बाजूला झाली. आकडा बघून गुरुपादप्पांनी आधी काटा तपासला. मग एका हमालाला चढवून बघितलं. मग अप्पांना खिसे रिकामे करायला लावून परत चढवलं. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "अप्पा, तुमचा पाव कट्टा, म्हंजी बारा-तेरा किलो, कमी भरला की हो! खरंच डायट व्हतं?"

"खरंच व्हतं."

"मग मी पोरीवर अन्याय केला म्हणायचा."

"तुमी न्हाई," अप्पा म्हणाले. "मी."

दसऱ्यानंतरच्या रविवारी जीप पुन्हा विष्णुपुरीला गेली. साक्षी बशा घेऊन आली. बशीत मोड आलेल्या मटकीची उसळ, वर कांदा आणि लिंबू, शेजारी ज्वारीच्या लाह्या, आणि सोबत ताक. तिची आई दारातून अवघडून म्हणाली, "शिरा करते म्हणलं, पर पोरीनं ऐकलंच न्हाई."

सगळ्यांचे डोळे अप्पांच्या बशीवर. अप्पांनी उसळ संपवली, लाह्या संपवल्या, ताकाचा पेला उपडा केला आणि आणखी उसळ मागितली. श्रीमंतानं कित्येक महिन्यांनी मोकळा श्वास घेतला. गुरुपादप्पा मांडीवर थाप मारून म्हणाले, "चला, मग ठरलं!"

"थांबा, काका," साक्षी म्हणाली. ती राजशेखरकडं वळली. "अप्पांनी बशी सारली म्हणून तुम्ही उठून गेलात. उद्या आणखी कुणी सारली तर?"

राजशेखरचे कान लाल झाले. "त्या दिवशी बाबा उठले तेव्हा माझ्या तोंडात घास होता," तो म्हणाला. "शिरा मला आवडला होता. बोलायला पाहिजे होतं, बोललो नाही. चुकलंच माझं. परत कुणी कितीही बशा सारल्या तरी माझी संपल्याशिवाय मी उठणार नाही."

साक्षीनं त्याच्याकडं नीट बघितलं. त्याची बशी खरोखरच स्वच्छ झाली होती. मग ती आत गेली आणि आणखी एक बशी भरून घेऊन आली. चटईवर बसली आणि ती बशी तिनं स्वतःच्या पुढ्यात ठेवली. मुलगी पाहायच्या कार्यक्रमात मुलगी खायला बसलेली अप्पांनी आजवर कुठंच पाहिली नव्हती.

काय समजायचं ते न कळून गुरुपादप्पांनी सवयीनं अप्पांकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघता?" अप्पा म्हणाले. "तिकडं बघा."

साक्षीनं बशी जवळ ओढली आणि खायला सुरुवात केली.