शंभरावी सही

मी अमरावतीच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. या विषयाला मुलं ताटातल्या लोणच्याइतकीच किंमत देतात. स्वातंत्र्य मिळालं, राज्यघटना आली, सत्तेचं विकेंद्रीकरण झालं, असं मी फळ्यावर लिहिते आणि शेवटच्या बाकावरून मोठी जांभई ऐकू येते. मला राग येतो. पण खरं सांगायचं तर जांभई मलाही येते.

त्यातून आम्ही वऱ्हाडी. सरकार या गोष्टीचं आम्हाला फारसं अप्रूप नाही, कारण आम्ही ती फार पाहिली. माझ्या आजोबांनी मोर्शीजवळचं आमचं गाव जन्मात सोडलं नाही. ते जन्मले तेव्हा मालक निजाम होता, कारभारी इंग्रज होता आणि कचेरी नागपुरात होती. मग मध्य प्रदेश झाला, मग गुजरातसकट मुंबई राज्य, मग महाराष्ट्र. "आपन काई हाललो नाही बाप्पा, राज्यंच हालून राहिले," असं ते म्हणत. त्यामुळे नवं काही सरकारी आलं की आमचे लोक आधी चहा मागवतात आणि मग बघू म्हणतात.

ग्रामसभेचंही तेच केलं. ग्रामसभेला शंभर मतदार हजर लागतात. कमी पडले तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला मात्र गणसंख्येची अट नसते. हा नियम ज्यांनी केला त्यांनी आमचं गाव पाहिलेलं नसणार. गावानं त्याचा सरळ अर्थ असा लावला, की पहिल्या सभेला जायचंच नाही. अकराची सभा. ग्रामसेवक अर्धा तास खुर्च्यांकडे बघत बसतो, ती तहकूब करतो आणि बाराला तिथंच दुसरी भरते. तोवर पुरुषमंडळी समोरच्या टपरीवर. बाराला दहा-पंधरा जण मिशा पुसत येतात आणि टपरीवर ठरलेलं हात वर करून मंजूर करतात. महिला ग्रामसभा तर नुसती रजिस्टरात भरते. पंचायतीचा शिपाई ते घेऊन घरोघरी येतो आणि पोळ्या लाटणाऱ्या बायकांच्या सह्या घेऊन जातो. आमच्या रजिस्टरला सगळीकडे पिठाचे डाग आहेत.

माझी आई दर आठवडी बाजारात मेथी, सांबार, वांगी घेऊन बसते. सांबार म्हणजे कोथिंबीर; पुण्याच्या माझ्या वहिनीला हे दरवेळी सांगावं लागतं. बाजाराच्या दिवशी आई सकाळपासून पाणी पीत नाही, कारण बाजारात बायकांना जायला आडोसा नाही. पुरुषांना अख्खं गाव मोकळं आहे. दोन वर्षांपूर्वी तिला मुतखडा झाला. डॉक्टरांनी रोज तीन लिटर पाणी सांगितलं, तर ही म्हणाली, "सहा दिवस पेईन. सातव्या दिवशी बाजार असते." मी रडकुंडीला आले. दरवर्षी ती पिठाच्या हातानं सही करताना शिपायाला 'बाजारात बायकांसाठी मुतारी' असं लिहायला लावायची, आणि दरवर्षी बाराच्या सभेत त्याची नुसती 'नोंद' घेतली जायची.

यंदा तर टपरीवर स्वागत कमानीचं पक्कं झालं होतं. त्यात सगळ्यात पुढं आमचे बाबा. ते संत्र्याच्या धंद्यातले. कमानीवर सिमेंटची दोन मोठी संत्री बसवायची, ही अक्कलही त्यांचीच.

जानेवारीत आईचा फोन आला. "शंभर म्हंजे शंभरच ना? आनि बाया चालतात ना त्याच्यात?"

मी मास्तरी आवाजात सांगितलं, मतदार म्हणजे मतदार, बाई काय नि पुरुष काय. आणि विसरून गेले.

सव्वीस जानेवारीला शाळेतलं झेंडावंदन आटोपून मी एसटीनं गावी पोचले तेव्हा अकरा वाजत होते. पंचायतीसमोरची सतरंजी बायकांनी भरलेली. बाजारातल्या सगळ्या भाजीवाल्या, बचत गटाच्या बायका, आणि अगदी पुढच्या रांगेत बौद्ध वस्तीतल्या. त्या सकाळी संविधानाची उद्देशिका वाचून तशाच इकडं आल्या होत्या. सभेला वेळेवर जायचं असतं हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. खुर्चीत आमच्या सरपंच, राखीव जागेवर निवडून आलेली गावची तिशीतली सून. तिची भाषणं नवरा लिहून देतो, आणि तो नवरा टपरीवर बाबांच्या शेजारी बसून भजी खात होता. समोरच्या बाया महिला सभेला जमल्या, असंच टपरीनं धरलं होतं.

ग्रामसेवकानं सह्या मोजल्या. नव्याण्णव.

मी ऐटीत हात वर केला. ग्रामसेवकानं चष्म्यावरून पाहिलं. "ताई, तुमचं नाव अमरावतीच्या यादीत हाये. तुमी नाही चालत."

"घ्या! शिकवनारीच बाद!" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळी सतरंजी हसली. सव्वाअकरा झाले. मग वीस. ग्रामसेवक दर मिनिटाला घड्याळ बघत होता, कारण साडेअकराला सभा तहकूब करणं त्याला भागच होतं. आई मात्र पदर खोचून खांबासारखी उभी.

तेवढ्यात बाबा आले. कमानीचा नकाशा घरी राहिला होता आणि घराची किल्ली आईच्या कमरेला होती. सतरंजीच्या कडेलाच शिपायानं रजिस्टर पुढं केलं. माझ्या वडिलांनी पुढ्यात आलेलं रजिस्टर आयुष्यात कधी वाचलेलं नाही. आमच्याकडे रजिस्टर दिसलं की सही करतात. त्यांनी शिपायाच्याच पेनानं झोकात सही ठोकली आणि आईपुढं हात पसरला, "किल्ली दे वं."

"शंभर," ग्रामसेवक म्हणाला. "गणसंख्या पूर्ण."

सरपंचबाईंनी एकदा टपरीकडे पाहिलं. मग हातातला नवऱ्यानं लिहून दिलेला कागद चार घड्या घालून खाली ठेवला. "सभेले सुरुवात करते," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं.

आई पुढं झाली. "अध्यक्षांच्या परवानगीनं," असं तिनं चक्क म्हटलं. हे कुठून शिकली कोण जाणे. "तीस-पस्तीस साल झाले, मी बाजारात बसते. बाजाराच्या दिवशी मी पानी पेत नाही. या सगळ्या बसल्या ना, यायच्यातली कोनीच पेत नाही. मुतखडा झाला तरी पेत नाही. आमाले बाजारात मुतारी पाहिजे. कमान नंतर करा. पावन्यायचं स्वागत थोडं थांबू शकते, आमचं नाही थांबत."

आधी सगळ्या हसल्या, मग एकेकीनं मान हलवली. माझे डोळे भरून आले. तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाजही वाटली, कारण हा धडा मी इतकी वर्षं शिकवत होते आणि मला तो कधी कळलाच नव्हता.

हात वर झाले. किल्लीसाठी पसरलेला बाबांचा हातही अर्धवट वरच राहिला होता. तो ठरावासाठी आहे की किल्लीसाठी, हे ग्रामसेवकानं विचारलं नाही. मोजून टाकला.

बाराला पुरुषमंडळी आली तेव्हा आम्ही सतरंजी झटकत होतो. मोठा गलका झाला. "सभा झाली म्हंजे? तहकूब काहून नाही केली?" ग्रामसेवकानं रजिस्टर उघडून बाबांच्या सहीवर बोट ठेवलं. सगळे बाबांकडे बघायला लागले. त्या दिवसापासून गावात एकच झालं, पहिली सभा कोणी चुकवत नाही. पुन्हा बायका काय मंजूर करतील याचा नेम नाही! मुतारीचं म्हणाल तर अजून जागेवर चुन्याच्या रेघा तेवढ्या मारल्यात. आई दर आठवड्याला पंचायतीत जाऊन विचारते.

त्या दिवशी घरी जाताना बाबा मागं मागं चालत होते. कमानीवरून वाजणार, असं मला वाटलं. पण नकाशाचं नावसुद्धा त्यांनी काढलं नाही. घराजवळ आल्यावर हळूच म्हणाले, "एवढे साल तू बाजारात पानी पेत नव्हती, मले कधी सांगतलं काहून नाही वं?"

आई न थांबता म्हणाली, "तुमाले सांगून काय करू? बाजार का तुमचा हाये? बाजार पंचायतीचा हाये."