निळ्या दिव्याखालच्या पेशी

घरातला पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला आलेल्या मेकॅनिकने परवा त्यातला अतिनील दिवा लावून दाखवला आणि तो निळसर उजेड मी लगेच ओळखला. नव्वदच्या दशकात मुंबईच्या प्रयोगशाळेत असाच दिवा लावून मी त्याखाली रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी ठेवत असे. त्या उजेडाने पेशींचा डीएनए तुटायचा आणि तो जोडणारं एन्झाइम किती काम करतं, ते आम्ही मोजायचो. एके दिवशी सकाळीच आमच्या गावाहून, किन्हवलीच्या बूथवरून बाबांचा फोन आला होता, "पोरगा बरा झाला गो! डाक्टर बोलला, रक्तात आता आजार दिसत नाय." माझ्या धाकट्या भावाला हाच कर्करोग झाला होता. दुपारी पाहते तर संपल्या असं वाटलेल्या पेशींत एन्झाइम जोरात चालू होतं आणि तुटलेला डीएनए त्यांनी सांधून घेतला होता. "काय चिवट आहेत!" आमचे मार्गदर्शक सर खुशीत म्हणाले, पण मला सकाळचा फोन आठवला: भावाच्या रक्तातही अशा पेशी उरल्या असतील तर? शनिवारी घरी गेले तेव्हा भाऊ खळ्यात पेंढ्यावर लोळत खिदळत होता. आईने हळूच विचारलं, "आता परत नाय ना होणार त्याला?" "नाय गो आय," असं म्हणून मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत पळाले. आज त्या भावाचे केस पिकलेत, तरी त्याचा फोन आला की मी आधी त्याचा आवाज तपासते आणि मगच तो काय म्हणतोय ते ऐकते.