तिसऱ्या नावाचं पाणी

सर्वपित्रीला नदीवर माझ्या शेजारी एक गृहस्थ तर्पणाला बसले होते. वडील, आजोबा, पणजोबा, तिन्ही नावं त्यांनी घडाघडा सांगितली, तीही वाजणाऱ्या मोबाइलकडे बघत. मला इतका हेवा वाटला की हातातले तीळ मी नुसते चोळत राहिलो.

माझी गाडी दोन नावांवर थांबते. आजोबा लग्नाशिवाय जन्मले आणि पणजीने त्यांच्या बापाचं नाव कुणालाच सांगितलं नाही. आमच्या घरात आजोबांपासून सगळ्यांची करंगळी वाकडी. पणजीची म्हणे सरळ होती. म्हणून एकदा तिच्या गावी जाऊन पारावरच्या म्हाताऱ्यांचे हात न्याहाळत बसलो. "काय रं, ज्योतिषी हाईस का?" एकाने विचारलं. त्याचीही करंगळी सरळच होती.

"पणजोबांचं नाव?" नदीवर तर्पण सांगणाऱ्या गुरुजींनी विचारलं.

"माहीत नाही."

"असू द्या. मनात धरा आणि सोडा पाणी."

मनात धरू तरी कुणाला? डोळ्यांपुढे पणजीच आली. तिच्या शेवटच्या दुखण्यात आजोबांनी पुन्हा विचारलं होतं, तेव्हा ती नुसती हसली होती. गावाने नको नको ते ऐकवलं, पोटच्या पोराने विनवलं, तरी ते नाव तिने एकटीने जपलं आणि सोबत नेलं.

शेजारचे गृहस्थ केव्हाच उठून गेले होते. माझा हेवा मात्र जागेवरच होता, आता तिच्याकडे वळलेला.

तिसरं पाणी मी तिलाच दिलं, पण चांगल्या मनाने नाही.