समुद्रकाकडीचा श्वास

गिरिधर सरांनी नागपूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तेहतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतरही विज्ञान प्रदर्शनांना परीक्षक म्हणून त्यांना मानानं बोलावत.

यंदा नागपूरजवळच्या खाप्याहून नववीतली मेघा आली होती. तिच्या तक्त्यावर दोन प्राणी शेजारी शेजारी काढलेले: दार्जिलिंगकडचा, पालीसारखा दिसणारा सॅलमँडर आणि समुद्राच्या तळाशी राहणारी समुद्रकाकडी. दोन्ही नाहीसे होण्याच्या वाटेवर. एकाची डबकी बुजवून घरं उठली, दुसरीला चोरून पकडतात आणि वाळवून परदेशी विकतात. सॅलमँडरचा तुटलेला पाय पुन्हा उगवतो. समुद्रकाकडी जिवावर बेतलं की आतडी बाहेर टाकते आणि नवी तयार करते. सॅलमँडरला डोळे आहेत म्हणून लोक त्याचे फोटो बघतात, हिच्याकडे कोणी बघत नाही, असं मेघानं खाली लिहिलं होतं.

सरांनी समुद्रकाकडीवर बोट ठेवून विचारलं, ही श्वास कुठून घेते? मेघा म्हणाली, गुदद्वारातून.

भोवतीची मुलं फिसकन हसली. सरही हसले. "पाठ करून आलीस, तेही चुकीचं," असं सगळ्यांदेखत म्हणाले आणि गुण कापले.

घरी येऊन त्यांनी सहज जुनं पुस्तक उघडलं. मेघाचंच बरोबर होतं. जेवण तसंच ठेवून त्यांनी आयोजकांना फोन केला, तर निकाल लागला, आता बदलता येत नाही, असं उत्तर आलं.

रविवारी ते बसनं खाप्याला गेले. दारात सरांना पाहून मेघाची आई, मायाताई, घाबरल्या. ते पोरीची तक्रार घेऊन आलेत असंच त्यांना वाटलं. सर काही बोलायच्या आधीच त्यांनी हात जोडले.

"पोरीचं काही चुकलं असन तर माफ करा, सर. लहान हाये ते."

सरांना मान वर करवेना. चूक माझी होती, एवढंच ते कसंबसं म्हणाले. मेघा आतून बाहेर आली.

"तुमाले माहीत नव्हतं, ते ठीक हाये सर," ती म्हणाली. "पण हसले काहून?"

मायाताईंनी चहा पुढे ठेवला. तो नाकारता येईना.

पुढच्या आठवड्यात मेघाच्या शाळेत जाऊन त्यांनी प्रार्थनेनंतर सगळ्या मुलांसमोर आपली चूक सांगितली. मेघा त्या दिवशी आली नव्हती.

परीक्षकाचं काम त्यांनी सोडलं. कोणी कारण विचारलं तर गुडघे दुखतात म्हणून सांगतात, आणि सांगताना नजर चुकवतात.