ज्वारीचा पास्ता आणि तालुक्याची पाखरं

कापसाच्या त्या वाईट वर्षांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बाहेरून येणारी पाहणी पथकं वाढली आणि माझं पोट वाढलं. पोट पथकांमुळे वाढलं, हे आधीच कबूल करतो.

मी तेव्हा एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होतो. हिंदी बरी, इंग्रजी कामचलाऊ, म्हणून साहेबांनी पथकांसोबत फिरायची ड्युटी माझ्या गळ्यात बांधली. दिल्लीहून, मुंबईहून, कधी परदेशातून माणसं यायची. त्यांना गावात न्यायचं, त्यांचे प्रश्न लोकांना विचारायचे, लोकांची उत्तरं त्यांना सांगायची आणि संध्याकाळी हॉटेलवर आणून सोडायचं. त्या गावांतल्या घरांत मी जे ऐकलं ते इथं लिहिणार नाही. ते ज्यांचं आहे त्यांचं आहे. माझं म्हणता येईल असं फक्त पोट, तर त्याचंच लिहितो.

पथकं उतरायची त्या हॉटेलच्या मालकानं पाहुण्यांसाठी पास्ता सुरू केला होता. आचारी भंडाऱ्याकडचा. त्यानं पास्ता आयुष्यात पाहिला नव्हता, पण साय, लोणी आणि चीज या तीन गोष्टींवर त्याची श्रद्धा होती. गावाहून परतल्यावर पाहुण्यांना जेवण जायचं नाही. दोन घास खाऊन ते ताट सरकवायचे आणि खोलीत निघून जायचे. मला जेवण जायचं. माझंही जायचं आणि त्यांचंही. अन्न टाकू नये, असं मी आचाऱ्याला सांगायचो. दोन वर्षांत सत्तर किलोचा मी ब्याण्णव किलोचा झालो.

डॉक्टरांनी रक्ताचा कागद पाहिला आणि म्हणाले, "मैदा बंद."

"आणि पास्ता?"

"तो काय झाडाला लागतो? खायचाच असेल तर अख्ख्या धान्याचा खा."

अख्ख्या धान्याचा पास्ता यवतमाळात मिळेना. शेवटी नागपुरात सीताबर्डीच्या एका दुकानात एक पाकीट सापडलं. आत सुतळीच्या रंगाच्या नळ्या होत्या. माझी बायको गावातल्या शाळेत गणित शिकवते, त्यामुळे पाकिटावर लिहिलेली दहा मिनिटं तिनं घड्याळ लावून मोजली. मग आणखी दहा मोजली. मग आणखी पाच.

"हे शिजलं की नाही, कसं ओळखायचं?" तिनं विचारलं.

"भिंतीवर फेकायचं म्हणे. चिकटलं तर शिजलं."

तिनं एक नळी उचलून भिंतीवर मारली. भिंतीचा पोपडा पडला. नळी पडली ती जशीच्या तशी, तिला काही झालं नव्हतं.

"घराचं नुकसान होऊन राह्यलं," ती म्हणाली आणि उरलेलं पातेलं माझ्यापुढे ठेवलं. मी मीठ, लसूण आणि इच्छाशक्ती घालून खाल्लं. रात्रभर ते पोटात आपापसात बोलत होतं.

मग मीच प्रयोग सुरू केले. गव्हाच्या कणकेच्या जाड शेवया पाडल्या, त्यांचा एकच गोळा झाला. तो सुरीनं कापून, वड्या म्हणून खाल्ला. दलियावर टोमॅटोचं सार ओतून पाहिलं. वरणफळं हाच आपला पास्ता आहे, असं मला ओळखीतल्या सतरा जणांनी सांगितलं. ते मलाही ठाऊक होतं. पण वरणफळं मी तुपाशिवाय खाऊ शकत नाही आणि तूप घातलं की थांबू शकत नाही.

राहिली ज्वारी. दुकानातून पीठ आणलं, थंड पाण्यात मळलं, चकलीच्या सोऱ्यात भरलं आणि थेट उकळत्या पाण्यात सोडलं. दोन मिनिटांत सोऱ्यातून पडलेलं सगळं नाहीसं झालं. बायकोनं पातेल्यात डोकावून पाहिलं.

"आंबील छान झाली," ती म्हणाली.

दुकानदाराला जाब विचारला, तर तो म्हणाला, पीठ जुनं आहे, विरी गेली, आता त्याला चिकटपणा राहिला नाही. मग ताजी ज्वारी दे म्हटलं. "कोठून देऊ? आपल्या इकडं पेरते कोण? सोलापूरकडून ट्रक येईल तेव्हा या." खरंच होतं. जिल्हाभर कपाशी, मधे तुरीच्या ओळी, कुठं सोयाबीन. शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात मी पिशवी घेऊन भाकरीचं धान्य शोधत फिरत होतो.

ते सापडलं राळेगावकडच्या एका खेड्यात. श्रावणात एक पथक घेऊन तिथं गेलो होतो. त्या गावात मी तिसऱ्यांदा चाललो होतो. मंदिराच्या ओट्यावर बायकांना बसवलं होतं. त्यांत पुढे साठीची एक बाई होती. तिची स्वतःची पाच एकर कपाशी होती आणि बोलायला ती कुणाच्या बापाला घाबरत नव्हती, म्हणून गावकऱ्यांनी तिलाच पुढे केलेली. पथकातल्या मॅडमनी इंग्रजीत विचारलं, मागच्या दोन वर्षांत तुमच्या पाहण्यात काय बदल झाला? मी ते मराठीत केलं.

बाई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बदल एकच झाला. हा साहेब दरवेळेस येते तं पयल्यापेक्षा मोठा होऊन येते."

ओटा हसला. मागे बसलेले म्हातारेही हसले. मॅडमनी पेन उघडून माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाल्या त्या?"

मी म्हणालो, "शासनाचं लक्ष वाढलं आहे, असं म्हणतात."

मॅडमनी ते लिहून घेतलं.

माझे कान तापले होते. रागही आला होता, पण त्या रागाला उभं राहायला जागा नव्हती. बाई खोटं बोलली नव्हती. मंडळी चहाला सरपंचाकडे गेली, तेव्हा मी मुद्दाम मागे राहिलो. तीही थांबली होती.

"साहेब, रागावले काय? तोंडातून निंगून गेलं."

"नाही काकू. डॉक्टरही तेच म्हणतात."

मग कशी कोण जाणे, मी तिला सगळी कहाणी सांगितली. पास्ता म्हणजे काय ते सांगितलं, भिंत सांगितली, आंबील सांगितली. तिनं पदर तोंडाला लावला.

"थंड्या पाण्यात मळलं काय? बाप्पा! ज्वारीले उकड पायजे. उकयत्या पाण्यात पीठ वैरा, झाका, मंग मळा. आन् पाण्यात नोका सोडू, वाफेवर ठेवा." मग म्हणाली, "एवढं शिकले तुमी, तुमच्या घरी कोनी सांगतलं नाही?"

विहिरीजवळ तिनं ज्वारीचा एक पट्टा राखला होता. बैलांना कडबा आणि घरच्यांना भाकर, एवढ्यासाठीच. रविवारी या, म्हणाली.

रविवारी मी एसटीनं गेलो, पिशवीत पितळी सोऱ्या घेऊन. मागच्या साली निघालेल्या ज्वारीचं ताजं पीठ, वर उकळतं पाणी, झाकण. तिनं चटके सोसत पीठ मळलं, मी सोऱ्या फिरवला, आणि केळीच्या पानावर लांब, सरळ, न तुटणाऱ्या नळ्या पडल्या. वाफवून त्यावर टोमॅटो, लसूण आणि हिरव्या मिरच्यांचा ठेचा. मला रडू यायचं बाकी होतं. तिचा नवरा कमी बोलणारा माणूस. त्यानं एक घास खाल्ला, पुष्कळ वेळ चावला.

"चकली तयली काहून नाही?" त्यानं विचारलं.

"साहेबाले तेल मना आहे."

"मंग भाकर काहून नाही केली?"

त्यानं दुसऱ्यांदा वाढून मात्र घेतलं.

इथून पुढे पास्त्यानं माझं वजन उतरवलं, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आलो. तसं झालं नाही. दसऱ्याच्या सुमारास कणसं भरली आणि पाखरं आली. आजूबाजूला कोसभर कपाशी, ज्वारी एवढीच. चिमण्या, पोपट, साळुंक्या, सगळ्या तालुक्याला तिच्या विहिरीचा पत्ता मिळाला. तिचा नवरा कंबरेनं बसलेला. कापूस वेचायला बायका मिळेनात, पाखरं राखायला कोण मिळणार?

"तुले ज्वारी पायजे ना?" ती मला म्हणाली. एव्हाना तिच्या तोंडी मी 'साहेब'चा 'भाऊ' झालो होतो. "मंग राख येऊन."

मी रविवारी जाऊ लागलो, मग सुट्ट्या टाकून जाऊ लागलो. मचाणावर चढायचं, पत्र्याचा डबा बडवायचा, होऽऽऽ म्हणून ओरडायचं. या टोकाची पाखरं उठली की त्या टोकाला बसायची, मग उतरून तिकडे धावायचं. गोफण मी एकदाच फिरवली. दगड मागे गेला आणि बैलाजवळ पडला. बैलानं माझ्याकडे जे पाहिलं, तसं डॉक्टरांनीही पाहिलं नव्हतं. दुपारी बांधावर भाकर, ठेचा, कांदा. सोऱ्या काढायची ताकद कुणात होती?

ओरडून ओरडून माझा आवाज गेला. त्याच आठवड्यात कचेरीत आढावा बैठक होती आणि गावांचा अहवाल मला वाचायचा होता. दुसऱ्याच वाक्याला घसा फुटला, तोंडातून नुसती हवा. साहेब उठून आले, खांद्यावर हात ठेवला आणि हळू म्हणाले, "इतकं मनाला लावून घेऊ नका." मी मान खाली घातली. पाखरांचं सांगायला हवं होतं. पण खाली बघता बघता हातातला कागद दिसला. त्यातली गेलेल्या माणसांची नावं मी दोन वर्षं धडाधड वाचत आलो होतो आणि आवाज कधी अडखळला नव्हता. उरलेला अहवाल दुसऱ्यानं वाचला. मी बाहेर नळावर जाऊन पाणी प्यायलो.

ज्वारी निघाली तेव्हा निम्मी पाखरांची आणि निम्मी आमची होती. मळणी झाली त्या दिवशी बायकोही आली होती. कापूस ओला म्हणून दर खेपेला वजन कापणाऱ्या गावातल्या व्यापाऱ्याचा काटा शेजारच्या अंगणात होता. काकूनं मला त्यावर उभं केलं. धूळ, घाम आणि कोंड्यासकट मी एक्क्याऐंशी भरलो. बायकोनं आकडा दोनदा वाचला आणि अकरा वजा झाले, असं जाहीर केलं.

काकूचा नवरा भिंतीला टेकून बसला होता. त्यानं मला खालून वर न्याहाळलं.

"दोन किलो ओलाव्याचे कापा," तो म्हणाला. "माल ओला आहे."